केंटकीतला एक दिवस: दोन डिस्टिलऱ्या, एक चालक आणि दशम्यांचा डबा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ओहायोतल्या कोलंबसला राहता, ऑक्टोबरात सांगलीहून आई-बाबा आणि काका येणार आहेत. बाबा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निवृत्त झालेत, काकांना व्हिस्कीची आवड आहे, आई घेत नाहीत, मुलगी नऊ वर्षांची आहे. हाताशी एक दिवस आहे आणि त्यात जिम बीम, मेकर्स मार्क, वाइल्ड टर्की, वुडफर्ड रिझर्व्ह आणि बफलो ट्रेस अशा बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या, पाच डिस्टिलऱ्या बसवायच्या आहेत. बसतील का?

नाही बसणार. दोन बसतील आणि त्या नीट बसतील. मी बार्ड्सटाउनच्या परिसरात सात वर्षं डिस्टिलरी गाइड होते, आता येणाऱ्या मराठी कुटुंबांना दिवस आखून देते. पाच ठिकाणांच्या याद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत माणसं गाइडचं बोलणं ऐकेनाशी होतात, पाचव्या ठिकाणी फक्त दुकानात जाऊन टी-शर्ट घेतात.

आधी हिशोब मांडू. लुइव्हिलहून क्लेरमाँटचं जिम बीम अर्ध्या तासावर. तिथून लोरेटोचं मेकर्स मार्क पाऊण तासाच्या वर. तिथून लॉरेन्सबर्गचं वाइल्ड टर्की तासभर. पुढे व्हर्सेल्सजवळचं वुडफर्ड, मग फ्रँकफर्टचं बफलो ट्रेस, आणि परत लुइव्हिल तासाभरावर. नुसतं गाडी चालवणं चार तासांच्या पुढे जातं. प्रत्येक ठिकाणची फेरी तासाची किंवा दीड तासाची, शिवाय पंधरा मिनिटं आधी हजर राहावं लागतं. डिस्टिलऱ्या सकाळी नऊ-दहाला उघडतात आणि संध्याकाळी पाचच्या आसपास बंद होतात. जेवण धरलंच नाही अजून. या पाचांना एक रस्ता जोडतो असं 'केंटकी बर्बन ट्रेल' या नावामुळे वाटतं. प्रत्यक्षात १९९९ मध्ये इथल्या डिस्टिलरांच्या संघटनेने पर्यटनासाठी सुरू केलेला तो उपक्रम आहे. ठिकाणं मात्र राज्यभर विखुरलेली आहेत.

म्हणून पहिला निर्णय: एका दिवसाला एकच परगणा. ढोबळमानाने तीन पडतात. लुइव्हिल शहर, तिथे मेन स्ट्रीटवर आणि आसपास एव्हन विल्यम्स, ओल्ड फॉरेस्टर, मिक्टर्स, एंजल्स एन्व्ही अशी ठिकाणं पायी करता येतात. बार्ड्सटाउन आणि त्याच्या दक्षिणेचा डोंगराळ भाग. आणि फ्रँकफर्ट, लॉरेन्सबर्ग, व्हर्सेल्स हा घोड्यांच्या कुरणांचा पट्टा, जो लेक्झिंग्टनहून जवळ पडतो. पाऊस लागला, किंवा गाडी चालवायला कुणी नसेल तर शहर घ्या. तुमच्या घरची माणसं बघता मी बार्ड्सटाउनची बाजू घेईन: सकाळी मेकर्स मार्क, दुपारी विलेट. आदल्या रात्री लुइव्हिलला मुक्काम करा. कोलंबसहून पहाटे निघून सव्वातीन तास गाडी चालवून आल्यावर काकांना पहिला घोट द्यायचा, हे मला पटत नाही.

जिम बीम का सोडलं, हे काका विचारतील. तिथे स्वागत छान होतं, पण त्या कंपनीने २०२६ या वर्षासाठी क्लेरमाँटच्या मुख्य डिस्टिलरीतलं ऊर्ध्वपातन थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. तुमच्या बाबांना चालू कॉलम, म्हणजे दारू गाळण्याचा उंच मनोरा, बघायचा असणार. कुठेही बुकिंग करताना हा एक प्रश्न विचाराच: त्या दिवशी डिस्टिलरी चालू असेल का? जुलै-ऑगस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी देखभालीसाठी काम बंद असतं. फेऱ्या चालतात, पण टाक्या रिकाम्या आणि भट्टी गार. ऑक्टोबरात ही अडचण सहसा येत नाही.

सकाळी आठला लुइव्हिल सोडा. लोरेटोला जायला सव्वा तास लागतो आणि शेवटची दहा-पंधरा मैलं वळणावळणाची, शेतांमधून जाणारी आहेत. फोनला रेंज जाते-येते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. मेकर्स मार्कच्या इमारती गडद रंगाच्या आहेत, खिडक्यांना लाल झडपा आहेत आणि प्रत्येक झडपेत बाटलीच्या आकाराचं भोक कापलेलं आहे. मुलीला ती मोजायला सांगा.

इथली गोष्ट तुमच्या आईंना आवडेल, म्हणून ती त्यांना आधी सांगून ठेवा. बिल सॅम्युअल्स यांनी ही जागा १९५३ मध्ये घेतली. बर्बनमध्ये मका किमान ५१ टक्के लागतोच, बाकीच्यात बहुतेक लोक राय हे तिखट चवीचं धान्य घालतात. सॅम्युअल्सना मऊ चव हवी होती. पण प्रत्येक मिश्रण गाळून, पिंपात भरून, मुरेपर्यंत थांबायचं तर आयुष्य जाईल. म्हणून त्यांनी वेगवेगळ्या धान्यांच्या प्रमाणांचे पाव भाजून पाहिले आणि गव्हाची चव निवडली, असं ते कुटुंब सांगतं. बाटलीचा आकार, तिचं नाव आणि बुचावर ओघळणारं लाल मेण हे त्यांच्या पत्नी मार्जी यांचं काम. लाल मेणाची पहिली बाटली १९५८ मध्ये बाहेर पडली. पीठ मळताना हाताला कळतं ते यंत्राला कळत नाही, हे आईंना समजावून सांगावं लागणार नाही.

आता बाबांसाठी. आपल्याकडे मळीत साखर तयार असते, पाणी घालून यीस्ट सोडलं की काम सुरू. मक्यात साखर नसते, स्टार्च असतो. तो आधी शिजवून मोकळा करायचा, मग तापमान उतरवत आणून त्यात मोड आलेली, वाळवलेली बार्ली घालायची. तिच्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करताना जे घडतं, तेच इथे हजारो लिटरच्या भांड्यात घडतं. मोड आलेली बार्ली उकळत्या भांड्यात टाकली तर एन्झाइम्स मरतात, म्हणून ती शेवटी, साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास.

मग आंबवणीच्या टाक्या. मेकर्स मार्कला सायप्रस लाकडाच्या जुन्या टाक्या आहेत, माणसाच्या उंचीहून खोल, आणि तुम्ही वरच्या काठाशी उभे राहता. इथे घाई करू नका. पहिल्या दिवशीची टाकी बघा: पिवळा, जाड थर खदखदतो, मक्याची सालं वर येऊन उलटतात आणि खाली जातात, विस्तवाशिवाय उकळी आल्यासारखं दिसतं. वास आंबोळीच्या पिठाचा, थोडा गोड. तिसऱ्या दिवसाची टाकी शांत असते, बुडबुडे बारीक, वास बिअरकडे झुकलेला. गाइडने परवानगी दिली तर दोन्हींत बोट बुडवून चाखा. पहिली गोड लागेल, तिसरी आंबट आणि पाणचट, कारण साखर यीस्टने संपवलेली असते. मात्र टाकीवर वाकून खोल श्वास घेऊ नका. वर कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, नाकात असा झोंबतो की डोळ्यांत पाणी येतं. मुलीला हाताला धरून ठेवा.

'सावर मॅश' हा शब्द तिथे ऐकाल. आदल्या खेपेचं गाळून उरलेलं आंबट पाणी नव्या खेपेत घालतात. सुरुवातीला मी आपल्या लोकांना सांगायचे की हे विरजणासारखं आहे. मग एका जुन्या कामगाराने मला थांबवलं. विरजणात जिवंत जंतू असतात. हे पाणी कॉलममधून उकळून आलेलं असतं, त्यातलं यीस्ट मेलेलं. त्याचं काम आंबटपणा देण्याचं, म्हणजे नको ते जंतू वाढत नाहीत आणि प्रत्येक खेप सारखी येते. तुमच्या बाबांना स्पेंट वॉशचा, म्हणजे गाळून उरलेल्या सांडपाण्याचा, त्रास माहीत असणार. इथलं उरलेलं धान्य जनावरांच्या खाद्यात जातं आणि त्या पाण्याचा काही भाग असा परत वापरात येतो. ते यावर बराच वेळ प्रश्न विचारतील. विचारू द्या. गाइडला असा पाहुणा रोज मिळत नाही.

कॉलम त्यांना ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की आपल्याकडे स्पिरिट जितकं शुद्ध तितकं चांगलं मानतात आणि इथे कायदाच ८० टक्क्यांच्या वर शुद्ध करू देत नाही. धान्याची चव शिल्लक राहावी म्हणून. पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांच्या आत आणावं लागतं. पिंप नवं, ओकचं, आतून जाळलेलं. रंग, साखर, इसेन्स काहीही घालायचं नाही. बर्बन अमेरिकेत कुठेही करता येतं, पण अमेरिकेबाहेर केलेल्याला ते नाव लावता येत नाही. १९६४ मध्ये इथल्या काँग्रेसने त्याला देशाचं खास उत्पादन ठरवलं. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त 'व्हिस्की' मळीच्या स्पिरिटमध्ये चव-रंग मिसळून होतात. बाबांनी आयुष्यभर ते स्पिरिट काढलं असेल तर हा फरक त्यांच्या इतका कुणालाच कळणार नाही.

दिवसातला सगळ्यात मोलाचा भाग गोदामाचा. बाहेरून बघाल तर भिंती आणि आजूबाजूच्या झाडांची खोडं काळी पडलेली दिसतील. ती काजळी नाही. पिंपातून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर वाढणारी ती बुरशी आहे. आत शिरलात की अंधार, थंडावा आणि वास: काकवी, व्हॅनिला, ओलं लाकूड. लाकडी चौकटींवर पिंपं आडवी, रांगेत. एका पिंपात साधारण २०० लिटर मावतं आणि भरलेलं पिंप अडीचशे किलोच्या घरात जातं. उन्हाळ्यात आतलं द्रव फुगून लाकडात शिरतं, हिवाळ्यात आकसून बाहेर येतं आणि येताना जळक्या थराखालची गोडी, व्हॅनिलाचा वास, तांबूस रंग घेऊन येतं. बाटलीतला सगळा रंग तिथला. दरवर्षी चार टक्क्यांच्या आसपास उडून जातं, त्याला इथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आणि एक गोष्ट बाबांना जरूर दाखवा: वरच्या तापलेल्या मजल्यांवर पाणी अल्कोहोलपेक्षा जास्त उडतं, म्हणून वर्षं जातील तशी तीव्रता वाढते. थंड, दमट स्कॉटलंडमध्ये उलट होतं, ती उतरते. मेकर्स मार्कमध्ये पिंपं वरून खालच्या मजल्यावर हलवतात, म्हणजे सगळ्यांना सारखी ऊब मिळते. बहुतेक ठिकाणी पिंप ठेवलं तिथेच राहतं आणि शेवटी वेगवेगळ्या मजल्यांवरची पिंपं एकत्र करून चव जुळवतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट व्हिस्की तयार होते, तिथल्या उकाड्यात हा वाटा केंटकीपेक्षाही मोठा असतो.

चव घेण्याच्या खोलीत चार-पाच लहान ग्लास मांडलेले असतात. प्रत्येकात सात ते पंधरा मिली. थोडंसंच वाटतं. पण पंधरा मिलीचे चार म्हणजे आपल्याकडचा एक लार्ज पेग, आणि यातली काही पन्नास टक्क्यांच्या वरची. दोन ठिकाणी दोन लार्ज, तेही दिवसाउजेडी. म्हणून पाच ठिकाणं नकोत, आणि म्हणूनच गाडी चालवणारा आदल्या रात्री ठरलेला हवा. केंटकीत रक्तातली मर्यादा ०.०८ टक्के आहे. 'एकेक घोटच घेतो' म्हणणारे पुष्कळ सज्जन गृहस्थ मी पार्किंगमध्ये किल्ली हातात धरून घुटमळताना पाहिले आहेत. चालकाने एकही घोट घेऊ नये. त्याच्या वाट्याचं चुकल्याची भरपाई म्हणून एक बाटली विकत घ्या, रात्री हॉटेलवर उघडा.

भाड्याची गाडी हा दुसरा मार्ग, चालकासह व्हॅन दिवसभरासाठी मिळते. मात्र आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा. एकदा माझ्याकडच्या सात जणांची व्हॅन सकाळी आलीच नाही, कंपनीने तारीख चुकीची लिहून घेतली होती, आणि दोन्ही बुकिंगचे पैसे गेले. तेव्हापासून मी दोनदा फोन करते. उबर-लिफ्टच्या भरवशावर लोरेटोला मुळीच जाऊ नका. जायला मिळेल, परतायला मिळणार नाही.

चव घेताना आधी नाक लावा, पण तोंड किंचित उघडं ठेवून, म्हणजे अल्कोहोल झोंबत नाही. पहिला घोट फक्त जीभ सरावायला. दुसऱ्यात चव कळते. मग दोन थेंब पाणी घालून पुन्हा. आवडलं नाही तर ओतून द्यायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात ओता. पैसे दिलेत म्हणून संपवायला लागत नाही, हे काकांना हळूच सांगा. सगळ्यांनी सकाळी पोटभर खाल्लेलं असावं. बाबा किंवा काका रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधं घेत असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

जेवण बार्ड्सटाउनला. गाव देखणं आहे, चौकात १७७९ पासूनचं ओल्ड टॅलबट टॅव्हर्न आहे. पण आई शाकाहारी असतील तर मेन्यूत त्यांच्यासाठी फारसं काही निघत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही बरोबर ठेवा. मी नेहमी ठेवते. मेकर्स मार्कच्या आवारात झाडाखाली बसून खाल्लेली दशमी कुणीही विसरलेलं नाही.

दुपारी अडीचला विलेट, गावाबाहेरच्या टेकडीवर. हे मुद्दाम निवडलं. मेकर्स मार्क मोठं, जवळजवळ एकाच पाककृतीवर उभं राहिलेलं. विलेट कुटुंबाचं, आकाराने लहान, तऱ्हेतऱ्हेची धान्यमिश्रणं करणारं. १९३६ पासूनची जागा, मधली बरीच वर्षं गाळप बंद होतं, २०१२ मध्ये पुन्हा भट्टी पेटली. तिथलं तांब्याचं पॉट स्टिल, म्हणजे गाळण्याचं लांब मानेचं भांडं, बाबा चारी बाजूंनी फिरून बघतील. सकाळी गव्हाचं चाखलेलं असतं, म्हणून दुपारी रायचा तिखटपणा जिभेवर लगेच उमटतो. हा फरक वाचून कळत नाही. शेजारीच हेवन हिल आहे, विलेटचं बुकिंग मिळालं नाही तर तिथे जा. ७ नोव्हेंबर १९९६ ला त्यांची सात गोदामं आणि डिस्टिलरी जळाली, नव्वद हजारांच्या वर पिंपं गेली. तेव्हा स्पर्धकांनी आपल्या भट्ट्यांवर त्यांना माल काढून दिला. इथल्या म्हाताऱ्या माणसांना ती रात्र अजून आठवते.

विलेटच्या वेळेत आई, मुलगी आणि चालक यांनी हॉजेनव्हिलला जावं, पाऊण तासाचा रस्ता. अब्राहम लिंकन १८०९ मध्ये तिथे जन्मले. स्मारकाला ५६ पायऱ्या आहेत, त्यांच्या आयुष्याच्या वर्षांइतक्या. आईंचे गुडघे दुखत असतील तर खालच्या झऱ्याशी थांबा. चुनखडीतून येणारा तो झरा अजून वाहतो. केंटकीतल्या बर्बनला हेच चुनखडीचं पाणी लागतं: त्यात लोह जवळजवळ नसतं. लोह असलं तर व्हिस्की काळवंडते आणि चव बिघडते. बाबा दुपारी जे चाखतील त्याचा उगम आई आणि नात बघून येतील.

बुकिंग आजच करा. ऑक्टोबर हा इथला सर्वात गर्दीचा महिना, शनिवार महिनाभर आधी भरतात, रविवारी काही ठिकाणं बंद असतात किंवा उशिरा उघडतात. मुलीला फेरीत नेता येईल का, हे दोन्हीकडे स्वतंत्रपणे विचारा, प्रत्येकाचा नियम वेगळा असतो. बाबा आणि काकांचे मूळ पासपोर्ट जवळ असू द्या. वय पांढऱ्या केसांवरून दिसत असलं तरी मागतात, आणि आधार कार्ड चालत नाही. गोदामात पायऱ्या असतात, खाली फरशी ओबडधोबड असते. चपला नकोत, बूट घाला.

खरेदीचं सांगते. मेकर्स मार्कच्या दुकानात तुमची बाटली तुम्ही स्वतः लाल मेणात बुडवू शकता. एप्रन आणि हातमोजे देतात, बाटली उलटी धरून बुडवायची, वर काढताना हलकासा हिसका द्यायचा म्हणजे ओघळ सुंदर पडतात. भारतात माणशी दोन लिटर करमुक्त नेता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या, तिसरीवर कर लागेल. चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून, बाहेर प्लॅस्टिकची पिशवी. ७० टक्क्यांच्या वरची बाटली विमानात चालत नाही, पिंपातून थेट भरलेली घेताना लेबल वाचा. आणि फोडलेली बाटली गाडीत पुढे ठेवू नका, इथे तो गुन्हा आहे. डिकीत ठेवा.

संध्याकाळी सहाच्या आत लुइव्हिलला परत. रात्री हॉटेलवर बाबांना थोडं ओतून द्या आणि तो ग्लास धुवू नका, तसाच टेबलावर राहू द्या. सकाळी अल्कोहोल उडून गेलेलं असतं. त्यांना रिकाम्या ग्लासात नाक घालायला सांगा: गोदामात आला होता तोच वास तळाशी राहिलेला असतो.